पुढची सायकल

आसेगावातल्या दोन म्हाताऱ्यांचं डोकं फिरलं आहे, यावर पारावर बसणाऱ्यांचं एकमत होतं. एक बांगड्यांच्या दुकानाचा दिलावर मणियार आणि दुसरा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त भागवत. पौषाच्या थंडीत कुत्रीसुद्धा राखेतून उठत नाहीत अशा वेळी हे दोघं रविवारी पहाटे कानटोप्या चढवून सायकली काढत आणि मानोऱ्याकडच्या टेकड्यांत निघून जात. काही आणायला नाही, काही विकायला नाही, कुणाच्या लग्नाला नाही की मौतीला नाही. नुसतं जायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. भागवतच्या घरी तर पोराची नवी मोटारसायकल अंगणात उभी होती. पारावरच्या मंडळींना हे काही केल्या पचत नसे. डॉक्टरनं सांगितलं असेल, नाहीतर सुनेशी पटत नसेल, असा तर्क लावून ते मोकळे होत.

खरं कारण फक्त दिलावरला ठाऊक होतं. भागवतला दिसत नव्हतं.

काचबिंदू. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही धुरकट होत गेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर काही परत येत नाही, आता सायकलला हात लावू नका. भागवतनं घरी येऊन बायकोला, वैजयंतीला, एवढंच सांगितलं की थोडं कमी दिसते, औषध टाकायचं आहे. पुढं उजेड आणि सावली यापलीकडे काही उरलं नाही, तरी तो गावात ताठ मानेनं हिंडायचा. जन्म गेला त्या गल्ल्यांतून चालायला डोळे कशाला लागतात? रविवारी तो सायकल हातात धरून गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत न्यायचा आणि तिथं बसायचा. लोकांना वाटायचं, गुडघे दुखत असतील.

आणि दिलावरला कसं कळलं? भागवतनं तर त्यालाही सांगितलं नव्हतं. एकदा पुलाच्या पुढं रस्त्यात बैल बसला होता, चांगला पांढराशुभ्र, आणि भागवत सरळ त्याच्यावर गेला. पडला, उठला, धूळ झटकली आणि बैलाच्या मालकाला शिव्या घातल्या. दिलावर हे सगळं बघत होता. दोन दिवसांनी त्यानं एक जुना एक्सरे कापला, त्याची पट्टी कपड्याच्या चिमट्यानं आपल्या मागच्या चाकापाशी अशी लावली की आऱ्यांवर आपटून टरटर वाजावी. पोरं पुठ्ठ्याची लावतात, तसंच.

"हे काय करून ठेवलं बे?" भागवतनं विचारलं.

"रोही आडवे येते ना जंगलात. आवाज आसला का पळते."

"हाव," भागवत नीलगाईंचा कळप समोरच उभा असल्यासारखा गंभीरपणे म्हणाला, "रोह्याईचा काही नेम नाही."

झालं. एवढ्यावर दोघांचा सौदा झाला. त्या दिवसापासून दिलावर पुढं आणि भागवत त्या टरटरीच्या मागं. मोठ्या रस्त्यावर टिप्पर आणि ट्रॅक्टर इतके की टरटर ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी जंगलातला रस्ता धरला. सागाच्या रानातून टेकडीवर चढणारी एकेरी डांबरी वाट, कुठल्याशा योजनेत झालेली आणि मग सगळ्यांनी विसरलेली. तिच्यावर सकाळी एखादा दूधवाला भेटला तर भेटला. तरुणपणी दिलावर बांगड्यांची पेटी कॅरिअरला बांधून याच वाटेनं तांड्या-तांड्यावर जायचा आणि शेतात राबायचा कंटाळा म्हणून भागवत बापाची नजर चुकवून त्याच्यासोबत पसार व्हायचा. त्यामुळे वाट पायांना ओळखीची होती. जिथं पाय पुरे पडत नव्हते तिथं दिलावरची जीभ होती. वळण आलं की तो म्हणायचा, "डाव्या हातची तूर पाय, कशी पिवळीधम्मक फुलली." खड्डा आला की म्हणायचा, "हे मधातलं गोटं कोनी ठेवलं बावा, उजव्या अंगानं गेलेलं बरं." भागवतही "हाव, तूर मस्त हाय यंदा," असं म्हणून हँडल वळवायचा. न दिसणाऱ्या तुरीचं इतकं कौतुक वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केलं नसेल.

निघायचं असलं की मात्र दिलावर कधी "चल" म्हणत नसे. "चल" म्हटलं की कुणाला तरी हाताला धरून नेल्यासारखं होतं. टरटर सुरू झाली की भागवतनं पायडल मारायचं, टरटर थांबली की ब्रेक दाबायचा. हे कधी ठरवलं नव्हतं, पण यात कधी चूकही झाली नव्हती.

एकदा टेकडीच्या माथ्यावर बसले असताना भागवत अचानक म्हणाला होता, "सायकल सुटली का मी खाटेवर गेलोच समज. मंग मी उठत नाही." दिलावरनं ते कानाआड केल्यासारखं दाखवलं, पण ते त्याच्या काळजात रुतून बसलं. त्यात वैजयंतीनं एका संक्रांतीला बांगड्या भरताना हळूच म्हटलं, "दिलावरभाऊ, तुमच्या भरोशावर सोडून राह्यली मी याइले." तिला किती कळलं होतं कोण जाणे. दिलावरनं बांगडी नीट तिच्या मनगटावर चढवली आणि म्हणाला, "माह्या मांगंच असते तो, वहिनी. कुठी जाते!"

असा हा भरोशाचा माणूस. पण त्याला एक खोड होती, तोंडात तीळ भिजत नसे.

झालं काय, एके दिवशी दुपारी दुकानासमोर एक तरुण येऊन थांबला. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोपडं, आणि सायकल अशी की दिलावर दुकान सोडून बाहेर आला. नाव सांगितलं धनराज, अकोल्याचा, सायकलवाल्यांचा त्यांचा एक ग्रुप. पाणी प्यायला आणि म्हणाला, "चाचा, इकडे गाड्या नसलेला, शांत, जंगलातला एखादा रस्ता आहे का? चढ-उतार असला तरी चालेल."

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं ना! पण गेल्या कित्येक वर्षांत दिलावरला बांगड्यांशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं. त्यानं स्टुलावर बसवून, चहा पाजून त्याला सगळी वाट सांगितली. पूल, सागाचं रान, माथ्यावरचं मोहाचं झाड, पलीकडचा तलावापर्यंतचा उतार. "गाडी-घोडा काही भेटत नाही. पाखराच्या पंखाचा आवाज आयकू येते," असंही वर सांगितलं. धनराजनं मोबाइलवर बोटानं रेघ ओढून घेतली. तो गेल्यावर आतून दिलावरची बायको अन्वरी म्हणाली, "जो रस्ता तुम दोनों का है, वो भी बाँट दिया? तुमारे मुँह को ताला कब लगेगा जी?"

दिलावर हसला. भागवतला मात्र त्यानं हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे त्याला तेव्हाच वाटलं होतं.

त्या रविवारी धुकं होतं. रानात पानांवरून दव टपटप गळत होतं, आणि टरटर एरवीपेक्षा भरीव वाजत होती. माथ्यावर पोचले तोवर धुकं विरलं. भागवत खुशीत होता. मोहाखाली दोघं थांबले, पाणी प्याले. पुढं उतार. उतारावर दिलावर नेहमी ब्रेक दाबून, सायकल जवळजवळ ओढत न्यायचा, टर... टर... टर, की मागच्याला धीर राहावा.

"थांब जरा," दिलावर म्हणाला, "येतो." आणि झुडपाआड गेला. या वयात थंडीच्या दिवसांत माणसाला किती वेळा झुडपाआड जावं लागतं, ते त्या वयाच्या माणसालाच विचारावं. भागवत एक पाय जमिनीवर टेकून, हँडल धरून उभा राहिला.

दिलावर पाठमोरा असताना मागच्या चढावरून काही आवाज आला नाही. या नव्या सायकली चढताना बिलकूल वाजत नाहीत. माथ्यावर आल्या, चालवणाऱ्यांनी पायडल मारणं थांबवलं, आणि वाजायला लागल्या. कारण त्या महागड्या सायकलींचं मागचं चाक नुसतं फिरायला लागलं की टरटरतं. खणखणीत, मोठ्यानं टरटरतं. चार-पाच जण मोहापासून, भागवतच्या अगदी हाताच्या अंतरावरून पुढं गेले. हाय नाही, हॅलो नाही, बेल नाही.

भागवतनं पायडल मारलं.

दिलावर वळला तेव्हा त्याला पाठमोरा भागवत दिसला. पुढं रंगीत शर्टांची रांग आणि तिच्या मागं हा, खाकी स्वेटर वाऱ्यानं फुगलेला, पाठ ताठ, बापाची नजर चुकवून पळायचा तसाच. क्षणभर दिलावरला ते इतकं देखणं वाटलं की त्याच्या तोंडून हाकच फुटली नाही. मग फुटली. "भागवत! थांब! अरे थांब, मी इथं हाय!" पण उतारावर सुटलेल्या माणसाच्या कानात वाराच भरलेला असतो. दिलावरनं नाडीही न बांधता सायकल उचलली आणि मागं लागला. आता त्याची टरटर भागवतच्या पाठीमागं होती आणि कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

खालून भागवतचा आवाज आला. "दिलावर, हळू!" आणि थोड्या वेळानं पुन्हा, घाबरलेला, "दिलावर! हळू बे!"

पहिलं वळण तो कसा वळला अल्ला जाणे. दुसऱ्या वळणावर रंगीत शर्ट वळले आणि भागवत सरळ गेला. कडेला मुरमाचा ढीग होता, त्यावर आदळून खालच्या नालीत.

दिलावर पोचला तेव्हा ती मंडळी परत फिरून आली होती. भागवत कुशीवर पडला होता, एक पाय भलत्याच बाजूला. शुद्ध होती पण बोलत नव्हता. धनराजनं टोपडं काढलं आणि दिलावरला ओळखलं. "चाचा, तुम्ही? तुम्हीच तर हा रस्ता सांगितला होता..." मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "हे काका आमच्या मागे येत होते, आम्हाला वाटलं शर्यत लावताहेत. आम्ही अजून जोरात सोडली." पोरं वाईट नव्हती. त्यांची एक जीप मागून येत होती, तिच्यात भागवतला घातलं आणि वाशिमला नेलं. दवाखान्यात खुब्याचं हाड मोडलं असं निघालं, ऑपरेशन ठरलं. वैजयंती आली तोवर धनराज तिथंच बसून होता, त्यानं तिलाही सगळं जसंच्या तसं सांगितलं.

ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भागवतनं दिलावरला बोलावून घेतलं. वैजयंती थर्मास घेऊन बाहेर गेली.

"दार लाव," भागवत म्हणाला.

दिलावरनं दार लोटलं आणि स्टूल ओढून जवळ बसला.

"मले काही दिसत नाही, दिलावर. लय दिवसापासून काहीच दिसत नाही."

दिलावरनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तुले ठाव होतं. मले बी ठाव होतं का तुले ठाव हाय. ते रोही-फिही सारं." त्यानं छताकडे तोंड करून श्वास घेतला. "मी कानावर जगून राह्यलो. घरात कोन कुठी बसलं, पोरगा खरं बोलते का खोटं, दुधावर साय आली का नाही, सारं कानानं. आता एक इचारतो, खरं सांगजो. मी तुह्याच मांगं होतो ना?"

"म्हंजे?"

"ते पोट्टे जीपमंदी बोलून राह्यले होते, का हे काका आमच्या मांगं होते म्हनून. मले वाटे तो आवाज तुहा हाय. तुहा नसन तर सांगून दे. मंग माहे कान बी गेले. मंग मले उठवू नका, त्या वाकरवर उभं करू नका. मी खाटेवरच बरा."

खरं सांगणं सोपं होतं. तुझे कान शाबूत आहेत, पण त्या सायकलींनी माझीच टरटर चोरली, तिथं कुणीही फसलं असतं, असंही समजावता आलं असतं. पण भागवतला तो पुरा ओळखून होता. हा माणूस त्यातलं "फसलं" एवढंच ऐकणार आणि भिंतीकडे तोंड करून मरायची वाट पाहणार. त्यानं त्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, कान जणू पुढं आले होते.

"मीच होतो," दिलावर म्हणाला. "ते पोट्टे पुढं, मी मधात, तू माह्या मांगं."

भागवतचा सगळा चेहरा सैल झाला. "मी म्हनलं ना! त्याइले काय समजते. मी तुहा आवाज हजारात वळखतो." तो जवळजवळ हसलाच. दिलावरही हसायच्या बेतात होता, तेवढ्यात भागवतचं हसू थांबलं.

"मंग मी हाका मारल्या, त्या?"

दिलावरची नजर दाराकडे गेली.

"आयकू आल्या का नाही?"

"आल्या."

"आन् तरी थांबला नाही?"

"उतार होता," दिलावर म्हणाला. खोटं एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत न्यावं लागतं, आणि त्याला तर धड खोटंही बोलता येत नसे. "लय दिवसाचं... मले बी पळवावं वाटलं, भागवत. मोह झाला."

भागवतनं दिलावरच्या बाजूचा हात चादरीखाली ओढून घेतला.

"आंधळ्याले मांगं घेऊन?" भागवत म्हणाला. स्वतःला आंधळा म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. त्यानं मान फिरवली. "जाय आता. वैजयंतीले पाठव."

वैजयंती दाराबाहेरच उभी होती, थर्मास छातीशी धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. दोघं व्हरांड्याच्या टोकाला गेले.

"खोटं काहून बोलले तुमी? तो धनराज मले सारं सांगून गेला."

"त्याले सांगू नका, वहिनी. तुमाले माह्या गळ्याची आन हाय."

"ते माफ नाही करनार तुमाले. त्याइचा सोभाव तुमाले का ठाव नाही?"

"ठाव हाय." दिलावरनं रुमालानं नाक पुसलं. "आन् लय काही खोटं नाही त्याच्यात. तो रस्ता मीच सांगितला होता त्या पोट्ट्याइले. चहा पाजून सांगितला."

वैजयंतीनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं ती आत गेली आणि तिनं भागवतला उशीला टेकून बसवायला हात पुढं केला. तो आपणहून बसला.

महिनाभरात तो वॉकरवर उभा राहिला, मग काठीवर आला. खाट त्यानं ओसरीत टाकून घेतली होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तर त्यानं आंधळेपण उघड्यावरच मांडलं, आणि तेही अशा तोऱ्यात की गाव बघत राहिलं. गल्लीत पाऊल वाजलं की हा ओरडायचा, "काय पंजाबराव, नवे बूट घेतले का?" कमलीबाई दूध घालायला आली की ती चार घरं लांब असतानाच सांगायचा. पोरं मुद्दाम पाय बदलून चालून बघायची, हा तरी ओळखायचा. पारावरची मंडळी म्हणायला लागली, डोळे गेले पण म्हाताऱ्याचे कान पाहा. सकाळी तो काठी टेकत एकटा हापशीपर्यंत जाऊन यायचा. खाटेला खिळला नाही.

दिलावरचं नाव मात्र तो घेत नसे. दिलावर दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा वैजयंतीनं खाली मान घालून सांगितलं की झोपले आहेत. दिलावरनं सायकल दुकानाच्या मागं उभी केली ती तिथंच राहिली. रविवारी सकाळी तो आता दुकान लवकर उघडायचा आणि गिऱ्हाईक नसलं तरी गल्ल्यावर बसून राहायचा. अन्वरी एकदा रागानं म्हणाली, "सच बोल देव ना जाके." खरं सांगितलं तर दोस्त परत मिळेल आणि दोस्ताचा तोरा जाईल. त्या तोऱ्यावरच तर तो चालत होता.

मग ईद आली. दरवर्षी शीरखुर्म्याचा पहिला डबा भागवतकडं जायचा आणि भागवत तो पोरांना हात लावू न देता संपवायचा. दिलावर नमाज पढून आला, नवीन कुडत्यावर अत्तर लावणार होता ते लावलं नाही, आणि डबा घेऊन निघाला. ओसरीतून भागवतचा आवाज येत होता. कुणाला तरी ट्रॅक्टरचं इंजिन कुठं बिघडलं ते आवाजावरून सांगत होता. गल्लीच्या तोंडाशी दिलावर थांबला. त्यानं चपला काढून हातात घेतल्या. आवाज न करता जवळ जाऊन नुसता समोर बसावं, त्यानं काही वेळ बोलत राहावं, आपण ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. फुफाट्यात पाय मांडत, श्वास धरून तो पुढं सरकला. ऊन चटकत होतं.

ओसरीपासून तो अजून चांगला लांब होता, तेव्हा भागवत बोलता बोलता थांबला. त्यानं मान किंचित कलती केली. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं ते दिलावरला स्पष्ट दिसलं.

"वैजयंती," भागवतनं आत हाक मारली, "दिलावर आला. चपला हातात घेऊन आला. त्याले सांग, मी झोपलो."